चालकाच्या सीटवरचा आकडा

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, तायुआनच्या पूर्व भागातल्या टॅक्सी चार्जिंग स्टेशनवर, अकरा नंबरच्या खांबाशी उभ्या असलेल्या गाडीत यान गुइश्यांग यांनी हातातलं यंत्र चालकाच्या सीटवरून फिरवलं आणि ते किंचाळलं. दिवा लाल झाला. पडद्यावर आकडा आला सहा पूर्णांक तीन. यंत्राच्या खोक्यावर छापलं होतं, शून्य पूर्णांक चारच्या वर धोका.

"बघ," गुइश्यांग म्हणाल्या. "आता तरी बघ."

त्यांची सून शुए लीपिंग गाडीला टेकून थर्मासमधली राळ्याची पेज पीत होती. तिने वाकून आकडा पाहिला. अडतीस वर्षांची बाई, सात वर्षं टॅक्सी चालवत होती, त्यातली शेवटची अडीच विजेवरची. पोटात दहावा आठवडा.

"आई, गाडी चार्जिंगला लावलीय. आत्ता काहीही दाखवेल ते."

"उभी असताना एवढं, मग पळताना किती?"

उत्तर दिलं ते जिंगने. एका गाडीचे दोन चालक, तशी ही दोघं. रात्रपाळी जिंगची, दिवसपाळी लीपिंगची. पन्नाशीचा जिंग दुसऱ्या बाजूने काच पुसत होता.

"मावशी, तुम्ही इथवर कशानं आलात?"

"बसनं."

"ती बस कशावर चालते, माहितीय ना?"

"मी उभ्यानं आले," गुइश्यांग म्हणाल्या. "सीटला टेकलेसुद्धा नाही."

जिंग हसला. त्या हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी एक घडी घातलेला करडा अ‍ॅप्रन काढला आणि सुनेच्या हातात दिला. चांदीच्या तारा विणलेलं कापड. किरण अडवतं म्हणून शहरातल्या ऑफिसांमधून गरोदर बायका सर्रास घालतात तसला. लीपिंगने तो दोनदा नाकारला होता. त्या दिवशी घातला. वाद घालायला वेळ नव्हता हे खरं, पण सहा पूर्णांक तीन डोक्यातून जात नव्हते हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी अकराव्या आठवड्यात तिचं पहिलं मूल गेलं होतं. याच गाडीत, याच सीटवर, यिंगझ चौकाच्या सिग्नलला पोटात कळ आली. मागच्या गिऱ्हाइकाला तिने उतरवलं आणि स्वतःच गाडी हाकत दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाली, निम्म्याहून जास्त वेळा बाळाच्या जडणघडणीतच चूक असते, बाहेरचं कारण नसतं, सापडतही नाही. लीपिंगने ते ऐकून घेतलं आणि आत कुठेतरी ठेवून दिलं. सासूला ते ठेवून देता आलं नाही. कारण नाही म्हणजे डॉक्टरला सापडलं नाही, असा त्यांनी अर्थ लावला आणि स्वतः शोधायला लागल्या. सूतगिरणीत तीस वर्षं त्यांनी तुटलेला धागा कुठे तुटला तेच शोधलं होतं. त्यांना सापडलं ते असं की, या गाडीची चारशे किलोंची बॅटरी बरोबर सीटखाली आहे.

यंत्र त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी घेतलं. गल्लीच्या तोंडाशी एक हॉल आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांना आरोग्यावर भाषण ऐकवतात, ऐकणाऱ्याला दहा अंडी फुकट देतात आणि मग काहीबाही विकतात. घरी आल्या आल्या त्यांनी यंत्र प्रत्येक वस्तूला लावून पाहिलं. हेअर ड्रायरला लाल, विजेच्या पांघरुणाला लाल, इंडक्शन शेगडीला तर असं किंचाळलं की शेजारीण विचारायला आली. तेव्हापासून घरात गॅस पेटत होता आणि लीपिंग ओले केस बांधून कामाला जात होती.

या गावात तीन महिने भरेपर्यंत दिवस गेल्याचं बाहेर कोणी सांगत नाही. लीपिंगचं फक्त तिघांना माहीत होतं. नवऱ्याला, जो दातोंगच्या खाणीवर खानावळ चालवायचा आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा. सासूला. आणि जिंगला, कारण एका सकाळी ती त्याच्यासमोरच मागच्या चाकाशी बसून ओकली होती. अ‍ॅप्रन घालताना हे तिच्या लक्षातच आलं नाही. सासूच्याही नाही.

नऊ वाजता बाजारातली भाजीवाली मागच्या सीटवर टोपल्या सारत म्हणाली, "कितवा गं?"

साडेदहाला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढचं दार उघडलं, अ‍ॅप्रन पाहिला, दार लावून मागे जाऊन बसले. "तुला मोकळं वाटू दे," म्हणाले.

दुपारी मांडीवर लॅपटॉप घेतलेली एक मुलगी दोन सिग्नल नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, रागावू नका. पण विजेच्या गाडीत दिवसभर? तुमचं धाडस आहे हं."

"तू पण बसलीयस की," लीपिंग म्हणाली.

"मी अकरा मिनिटं."

जेवणाच्या वेळी दुसऱ्या स्टेशनवर रांगेतल्या चालकांनी पाहिलं. चालकांचा फोनवर गट आहे. चार वाजायच्या आत लियांगचा फोन आला. लियांग म्हणजे कंपनीतला ताफ्याचा प्रमुख, दोनशे गाड्यांचा धनी नसला तरी दोनशे गाड्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे.

"अभिनंदन करू की नको? तीन महिने भरले का?"

"नाही भरले."

"मग करत नाही. पण आता मला ठाऊकच नव्हतं असं मला म्हणता यायचं नाही, कळतंय ना? दोन रस्ते आहेत. एक, आत्ता पाळी सोड. माणूस तयार आहे, जिंगबरोबर उद्यापासून बसेल. दोन, स्वखुशीने चालवते, काही झालं तर कंपनीचा संबंध नाही, असं लिहून सही कर. पुढच्या सोमवारी सकाळी नऊला मला काय ते सांग."

"सोडली तर बाळंतपणानंतर गाडी परत मिळेल?"

"यादीत नाव लागेल."

"यादीत किती जण आहेत?"

"तू यादी बघू नकोस, लीपिंग. उगाच जीव जाळून घेशील."

पाच वाजता गाडी जिंगच्या हवाली करताना तिने अ‍ॅप्रन काढून मागे ठेवला. जिंगला सगळं आधीच कळलेलं होतं.

"मी दुसरा माणूस घेणार नाही म्हणून सांगतो लियांगला."

"तो देईल तो घ्यावा लागेल, जिंगदादा."

"घ्यावा लागेल. पण तो घोरतो."

"रात्री गाडीत तू असतोस, दिवसा तो. तुला त्याच्या घोरण्याचं काय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," जिंग म्हणाला.

गुरुवारी गाडीच्या भाडे-मीटरची वार्षिक तपासणी होती. प्रत्येक टॅक्सीला वर्षातून एकदा वजन-मापं तपासणाऱ्या संस्थेत न्यावी लागते. तिथे जमिनीत दोन फिरते रूळ बसवलेले आहेत. चाकं त्यांच्यावर ठेवायची, गाडी पळवायची. चाकं पळतात, गाडी जागची हलत नाही, आणि मीटर किती अंतर मोजतो ते तपासनीस बघतो. तपासनीस दू बाओचांग, छप्पन्न वर्षांचा, शर्टच्या खिशात तीन पेनं. एकोणीस वर्षं तो हेच करत होता.

"मीटर बरोबर आहे," दू म्हणाला. शिक्का मारला. तिने पुन्हा घातलेल्या अ‍ॅप्रनकडे नजर गेली, पण विचारलं काही नाही. "पुढची गाडी."

लीपिंग उतरली नाही.

"दूसाहेब, अजून एक मोजाल?"

"काय?"

तिने सासूचं यंत्र पिशवीतून काढलं. आदल्या रात्री न विचारताच घेतलं होतं. दूने ते दोन बोटांत धरलं, उलटंपालटं केलं. बाजारात कमी तोलणारा काटा पकडला की तो असाच चेहरा करत असे.

"आम्ही भाडं मोजतो. किरण नाही."

"वरच्या मजल्यावर मोजतात ना? दारावर पाटी आहे."

"त्यांच्याकडे अर्ज करावा लागतो. गाडी बनवणाऱ्या कारखान्याने करायचा. चालकाने नाही."

"मला शिक्का नको. नुसता आकडा हवा. माझं एक गेलंय, साहेब. याच सीटवर."

दूने मागच्या रांगेकडे बघितलं. तीन गाड्या होत्या. त्याने पहिल्या चालकाला ओरडून सांगितलं, जा, चहा पिऊन ये, दहा मिनिटं लागतील. मग तो जिना चढून गेला आणि एक काठी घेऊन आला. काठीच्या टोकाला संत्र्याएवढा पांढरा गोळा, दुसऱ्या टोकाला वायर आणि पडदा.

"बसा आत. साठावर न्या. मी सांगतो तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा."

लीपिंगने गाडी साठावर नेली. चाकं रुळांवर घुमायला लागली. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा व्हिनेगरच्या कारखान्याचं कॅलेंडर होतं, ते जागचं हललं नाही. दू उघड्या दारातून वाकून गोळा धरत होता. डोक्याशी, छातीशी, पोटाशी, गुडघ्याशी, पायाशी.

"डोकं शून्य पूर्णांक दोन. छाती तेवढंच. पोट शून्य पूर्णांक चार. आता दाबा. पाय दोन पूर्णांक सहा. बस, सोडा."

"आणि मर्यादा?"

"या जातीच्या क्षेत्राला आपल्या मानकात शंभर."

"शंभर?"

"एकावर दोन शून्यं."

"मग यावर सहा का येतात?"

दूने तिला उतरायला सांगितलं, सासूचं यंत्र तिलाच सीटवर ठेवायला लावलं. किंचाळलं. "हात काढा," तो म्हणाला. तिने हात काढला. दोन सेकंदांत आकडा उतरून शून्य पूर्णांक दोन झाला. दिवा हिरवा. "आता सरकवा." तिने सरकवलं. लाल, पाच पूर्णांक नऊ. "सोडा." हिरवा.

गाडी बंद होती. चार्जिंगचा खांब तिथे नव्हताच.

दूने सीटवरची गादी अंगठ्याने दाबून पाहिली. मग खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्यावर टाकला आणि उचलला. जुडग्याबरोबर गादीचं टोकही वर आलं.

"हे काय आहे?"

"पाठीसाठी. सासूबाईंनी आणलीय. चुंबकाची गादी."

दूने शिवणीवरची चिठ्ठी चष्मा वर करून वाचली. "चोवीस चुंबक. म्हणजे बघा, हे स्वस्त यंत्र चुंबकावरून हलवलं की त्याला वाटतं वीज खेळतेय. हात हलतो म्हणून आकडा येतो. गाडीचा यात काही संबंध नाही."

लीपिंग हसली. चार दिवसांत पहिल्यांदा, चांगलं मोठ्याने. रांगेतला चालक वळून बघायला लागला.

"म्हणजे गाडी सुरक्षित."

"मर्यादेच्या खाली."

"तेच ना?"

"ताई, तो शब्द मी लिहीत नाही. एकोणीस वर्षांत एकदाही लिहिलेला नाही. मी मोजतो." त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर पाच जागा आणि पाच आकडे लिहिले, खाली शंभर लिहून त्यावर रेघ ओढली. शिक्का नाही, सही नाही. "हे कुणाला दाखवून भांडू नका. कुणी विचारलं तर मी ओळखत नाही तुम्हाला."

गादी तिने डिकीत टाकली, अ‍ॅप्रनही तिथेच टाकला आणि गाडी बाहेर काढली. फाटकाशी आल्यावर तिने ब्रेक दाबला.

गादी कधी आणली होती? अडीच वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, ही नवी गाडी मिळाली तेव्हा. तेव्हापासून ती सीटवरच होती. मार्चमध्ये यिंगझच्या सिग्नलला कळ आली तेव्हाही ती लीपिंगच्या खालीच होती.

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. तिने आपली बाजूला घेतली आणि चालत परत आली. दू पुढच्या गाडीखाली वाकला होता.

"साहेब, त्या चुंबकांचं काय? पोटाला?"

दू सरळ झाला. "माझं यंत्र बदलतं क्षेत्र मोजतं. थांबलेला चुंबक मोजत नाही."

"कोण मोजतं?"

"इथे कोणी नाही. बेइजिंगला असेल." तो पुन्हा वाकला आणि वाकूनच म्हणाला, "मला विचाराल तर फ्रिजच्या दाराला चिकटतं तेच ते. पण मला विचारू नका. मी मोजलेलं नाही."

संध्याकाळी जेवताना तिने चिटोरं सासूसमोर ठेवलं. ओटच्या पिठाच्या वाफवलेल्या सुरळ्या होत्या आणि मटणाचा रस्सा. गादीचं तिने सांगितलं नाही. नुसते आकडे सांगितले.

गुइश्यांग यांनी चिटोरं डोळ्यांपाशी नेलं. "शिक्का कुठेय?"

"शिक्का मिळत नाही."

"मग हे मी पण लिहू शकते. शंभर काय, हजार लिहीन."

"मोठं यंत्र होतं, आई. मी स्वतः बघितलं."

"आणि माझं खोटं?"

"खोटं नाही. स्वस्त आहे."

"तुम्हा लोकांना स्वस्त म्हणजे खोटंच." त्यांनी सुनेच्या वाटीत व्हिनेगर ओतलं, जरा जास्तच. "आण इकडे ते. माझ्या नकळत घेऊन गेलीस, मला काय कळत नाही? सकाळी मी येणार आहे. माझ्या डोळ्यांनी बघणार."

शुक्रवारी सहा चाळीसला त्या अकरा नंबरच्या खांबाशी हजर होत्या. लीपिंग आधी पोचून त्यांना अडवणार होती, पण बस तिच्या आधी आली. गुइश्यांग यांनी दार उघडलं, यंत्र उघड्या सीटवरून फिरवलं. एकदा, दोनदा, उलट दिशेने. हिरवा. शून्य पूर्णांक दोन. खाली पायापाशी धरलं. हिरवा.

"बिघडलं वाटतं," त्या म्हणाल्या. मग सीटकडे बघून, "गादी कुठे गेली? अशा कडक सीटवर बसतेस? पाठ धरेल ना तुझी."

"मावशी, ही घ्या, मागे होती," जिंग म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. डिकी पुसता पुसता त्याने गादी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांच्या दुसऱ्या हातात यंत्र होतं. ते किंचाळलं.

त्यांनी यंत्र लांब नेलं. थांबलं. गादीजवळ आणलं. पुन्हा तेच. असं त्यांनी चार वेळा केलं. सूतगिरणीत धाग्याची गाठ बघावी तसं, घाई न करता.

"तुला माहीत होतं?"

"कालच कळलं."

"ही मी कधी आणली?"

"आठवत नाही, आई."

"मला आठवतं. गाडी नवी आली त्या महिन्यात. दोन घेतल्या असत्या तर एकावर सूट होती. मी घेतली एकच."

जिंग फडकं हातात धरून उभा होता. यंत्र बंद कसं करायचं हे त्यांना सुचलं नाही, त्या ते गादीवरून फिरवत राहिल्या आणि ते वाजत राहिलं. शेवटी लीपिंगने त्यांच्या हातातून घेऊन बंद केलं.

"साहेब म्हणाले, फ्रिजच्या दाराला चिकटतं तेच आहे हे. त्यानं काही होत नाही."

"असं म्हणाले?"

"म्हणाले."

"काही होत नाही, असं म्हणाले?"

लीपिंग उत्तर द्यायच्या आधी क्षणभर अडखळली. तेवढं पुरलं.

"कागदावर लिहिलंय का ते?" गुइश्यांग यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी गादीची गुंडाळी केली, पिशवीत घातली आणि त्या बसच्या थांब्याकडे चालायला लागल्या. जिंग म्हणाला, मी काहीतरी चुकीचं केलं का? लीपिंग म्हणाली, नाही दादा, तू फक्त डिकी पुसलीस.

शनिवारी सकाळी दवाखान्यात तपासणी होती. लीपिंगने पाळी दुपारपर्यंत जिंगला दिली आणि आठ वाजता बसने निघाली. थांब्यावर सासू आधीच उभी होती. बसमध्ये जागा होती. गुइश्यांग बसल्या, खिडकीशी, सुनेच्या शेजारी. वाटेत सासूने विचारलं, डबा घेतलास का, आणि सून म्हणाली, घेतला.

डॉक्टर मागच्या वेळची नव्हती, तरुण होती. पडद्यावर ठोके दिसले. तिने आकडे लिहून घेतले. गुइश्यांग खाटेभोवतीच्या पडद्यामागून पुढे आल्या.

"डॉक्टरीणबाई, चुंबकाच्या गादीवर बसल्यानं पोर जातं का?"

"कसली गादी?"

"चुंबकाची. चोवीस असतात. रोज दहा-अकरा तास, चार महिने."

"असं काही झाल्याचं मला माहीत नाही, आजी."

"होत नाही, की तुम्हाला माहीत नाही?"

लीपिंगने त्यांच्या दंडाला हात लावला. डॉक्टरने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. बाहेर अठरा नंबर पुकारला गेला होता, यांचा सतरा. "त्यावर कोणी नीट अभ्यास केला असेल तर मी वाचलेला नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी जे झालं ते बहुतेक वेळा कुणामुळेच होत नाही. हे मात्र मी वाचलंय. आणि पाहिलंय."

"बहुतेक," गुइश्यांग म्हणाल्या.

"हो. बहुतेक."

दुपारी एकला लीपिंगने स्टेशनवरून गाडी घेतली. जिंगने सांगितलं, लियांगने सकाळी कागद पाठवलाय, समोरच्या कप्प्यात आहे. तिने तो काढून वाचला. अर्धं पान होतं. स्वखुशीने, संपूर्ण जाणिवेने, कोणत्याही दबावाशिवाय. खाली सहीची रेघ आणि तारखेची जागा. पेन जिंगने पुढे केलं होतं, ते तिने घेतलं नाही. गाडी रस्त्यावर आणली. पहिलं गिऱ्हाईक रेल्वे स्टेशनचं मिळालं.

शनिवारी दुपारी तीनपर्यंत कळलेलं एवढंच. बाळाचे ठोके मिनिटाला एकशे एकाहत्तर, लांबी चौतीस मिलिमीटर, पुढची तपासणी पंधरा दिवसांनी. लियांग सोमवारी नऊ वाजता कचेरीत असेल. कागदावर सही झालेली नाही.